फजरच्या आधीची दहा मिनिटं

रांजणगाव एमआयडीसीतल्या ज्या कारखान्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो, त्याच्या गेटवर एक फलक आहे. शेवटच्या अपघाताला किती दिवस झाले, तो आकडा रोज सकाळी बदलला जातो. गेल्या हिवाळ्यात हा आकडा चारशेवर गेला म्हणून कॅन्टीनमध्ये जिलेबी वाटली. त्याच दिवशी पहाटे पावणेपाच वाजता माझी फुफी पडली. दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा ती घरी पडली होती, न्हाणीत. खुब्याचं हाड मोडलं, पुण्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की किमान दोन महिने चोवीस तास कुणीतरी जवळ हवं. फुफी शहात्तर वर्षांची, विधवा, तिला मूलबाळ नाही. मला तिनेच वाढवलं. घरात अम्मीचे गुडघे गेलेले, बायकोची नोकरी, माझ्या वेळांचा भरवसा नाही. तेव्हा पुण्याच्या बाजूला एका देखभाल केंद्रात तिला ठेवलं. ‘ठेवलं’ हा शब्द लिहायला आजही जड जातो. मोहल्ल्यात आम्ही सांगितलं, ‘फुफी पुण्याला नातेवाइकांकडे आहे.’

ही थाप या लेखाशी संबंधित आहे. तिच्याकडे नंतर येतो.

केंद्र वाईट नव्हतं. स्वच्छ होतं, जेवण बरं होतं, माणसं नीट बोलायची. पलंगाच्या पायथ्याशी फाईल अडकवलेली असायची आणि तिच्यात केअर प्लॅनचं पान. एकूण अकरा ओळी. पलंगाची उंची कमी ठेवावी. घंटी हाताशी असावी. रात्री एकटीने उठू नये. दर दोन तासांनी विचारपूस करावी. न घसरणाऱ्या चपला. रात्री बाथरूमचा दिवा चालू. वाचून मला बरं वाटलं होतं. आमच्या कारखान्यात कामाच्या सूचना अशाच लिहितात.

एकोणिसाव्या रात्री फुफी उठली. घंटीची दोरी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला लोंबत होती, कारण आदल्या संध्याकाळी फरशी पुसायला पलंग सरकवला होता आणि परत लावताना तो उलट्या बाजूने लागला. तिच्या पायात रबरी सपाता होत्या. बाथरूमची फरशी ओली होती. मनगट मोडलं, कपाळाला सहा टाके. खुबा वाचला. मी पोहोचलो तेव्हा पावणेसहा वाजले होते. ती म्हणाली, ‘वुजू को उठी थी रे, पाँव फिसल्या.’

मग मी फाईल उघडली. विचारपुशीच्या तक्त्यात बारा, दोन, चार आणि सहा अशा चारही चौकटींत खुणा होत्या. सहा अजून वाजायचे होते.

माझ्या धंद्यात याला फार जुनी ओळख आहे. माणूस थकलेला असतो, रकाने भरायचेच असतात, तो एका बैठकीत सगळे भरून टाकतो. म्हणून तर कारखान्यात आम्ही अशी सोय करतो की पार्टवरचा बारकोड स्कॅन झाल्याशिवाय लाईन पुढे सरकतच नाही. मी आधी त्या रात्रपाळीच्या मावशींवर ओरडलो. त्या रडल्या. त्यांच्याकडे चौदा पलंग होते आणि पाळी बारा तासांची. पावणेपाचला त्या दुसऱ्या खोलीत एका आजोबांचं अंथरूण बदलत होत्या. त्यांना खुणा करायला लावणाऱ्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही.

पण त्या दिवशी मला खरी लाज वाटली ती फाईलच्या पहिल्या पानाची. ते पान दाखल करताना मीच भरलं होतं, काउंटरवर उभ्याने, फोन कानाला लावून. त्यात एक रकाना होता, ‘विशेष सवयी’. मी लिहिलं होतं, ‘काही नाही’.

साठ वर्षं ही बाई फजरच्या आधी उठते आहे. अजानची वाट न बघता उठते, अंधारात उठते, दिवा लावत नाही कारण घरातल्यांची झोपमोड होईल. हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण ‘सवयी’ म्हटल्यावर मला चहा, तंबाखू, तपकीर एवढंच सुचलं. त्यामुळे त्या अकरा ओळींत रात्रीची काळजी होती, दिवसाची होती, पण तिच्या दिवसातली सगळ्यात धोक्याची दहा मिनिटं कुठेच नव्हती. ‘रात्री एकटीने उठू नये’ ही ओळ तिला लागूच नव्हती. तिच्या हिशेबाने पावणेपाच म्हणजे रात्र नव्हे, सकाळ.

म्हाताऱ्या माणसाचं पडणं आपण दोन खात्यांत टाकतो, एक वय आणि दुसरं तकदीर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच नंबर लागतो. पासष्टीच्या पुढच्या शंभर माणसांपैकी अठ्ठावीस ते पस्तीस जण वर्षातून एकदा तरी पडतात. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचात एक माणूस वर्षभरात जातो, असं परदेशातले अनेक अभ्यास सांगतात. यातलं काही वयाचं असेलही. पण ओली फरशी, सैल चप्पल आणि चुकीच्या बाजूची दोरी यांत वयाचा काही संबंध नाही. आपल्यातल्या प्रत्येकाला ती उंट बांधण्याची हदीस पाठ असते. घंटीची दोरी त्याच जातीची.

मग मी वाचायला लागलो, कारण मला एकच प्रश्न छळत होता. असे आराखडे लिहून खरंच फरक पडतो का, की ती नुसती फाईल भरणं असतं?

ऑस्ट्रेलियात सहा रुग्णालयांच्या चोवीस वॉर्डांत एक मोठा प्रयोग झाला. २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. पडण्याचा धोका असलेल्या रुग्णांसाठी सहा उपायांची ठरावीक यादी होती: पलंगावर इशारा देणारी पाटी, बाथरूममध्ये सोबत, कमी उंचीचा पलंग, पलंगाची घंटा, वॉकर हाताशी, ठरावीक वेळी शौचाला नेणं. पडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. जखमाही तेवढ्याच राहिल्या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून टाकला होता.

पण नंतर इंग्लंडचा २०२१ चा अभ्यास सापडला. तो रुग्णालयांतला नव्हता, थेट वृद्धांच्या केअर होममधला होता. ८४ केंद्रं, सोळाशेहून अधिक रहिवासी. अर्ध्या केंद्रांत त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना थोडं प्रशिक्षण दिलं आणि एक मार्गदर्शिका दिली. प्रत्येक रहिवाशाबद्दल वेगळं विचारायचं: हा कधी पडला, कोणत्या वेळी, कोणत्या गोळ्या घेतो, नजर कशी आहे, पायात काय घालतो, उठल्यावर चक्कर येते का. त्यातून जे निघेल त्यावर त्याच माणसापुरती कृती ठरवायची. चौथ्या ते सहाव्या महिन्यात या केंद्रांत पडण्याचं प्रमाण बाकीच्या केंद्रांपेक्षा त्रेचाळीस टक्क्यांनी कमी होतं. पुढच्या सहा महिन्यांत मात्र हा फरक तेवढा टिकला नाही.

तो टिकला नाही, हे मला त्या त्रेचाळीस टक्क्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं. आराखडा एकदा लिहून भिंतीला लावायची गोष्ट नाही. त्याच्याकडे कुणीतरी बघत राहिलं तरच तो चालतो. अमेरिकेतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत रुग्ण आणि घरच्यांना बरोबर घेऊन पलंगाशेजारीच आराखडा बनवायची पद्धत आणली. तिथे पडणं पंधरा टक्क्यांनी आणि जखमा होतील असं पडणं चौतीस टक्क्यांनी घटलं. घरच्यांना बरोबर घेऊन, हे शब्द मी दोनदा वाचले.

आता त्या थापेकडे येतो. फुफी नातेवाइकांकडे आहे असं सांगितल्यामुळे झालं काय, तर एकोणीस दिवसांत तिला भेटायला घरचे चारच जण गेले. खाला आली नाही, शेजारच्या बायका आल्या नाहीत, जुम्म्यानंतर तिच्याकडे नेहमी येणाऱ्या म्हाताऱ्या आल्या नाहीत. त्यांतली एक जरी आली असती तरी म्हणाली असती, ‘हिला पहाटे कोण उठवतं?’ आपल्या समाजात वृद्धाश्रम म्हणजे नालायक औलादीचं प्रमाणपत्र समजतात. आईवडिलांपुढे कंटाळ्याचा उद्गारही काढू नये ही शिकवण प्रत्येक बयानात येते आणि ती खरीच आहे. पण तिचा अर्थ आपण असा केला की केंद्रात ठेवणं हे लपवायचं पाप. एकदा लपवलं की प्रश्न विचारणंही बंद होतं. जिथे नात्यातली चार माणसं अवेळी टपकतात, तिथली दोरी योग्य बाजूला राहण्याची शक्यता जास्त, एवढं तर्काने कळतं.

आणि घरी ठेवणारे तरी काय करतात? ‘खिदमत’ म्हणतो आपण, आणि ती करते कोण? सून, मुलगी, क्वचित भाची. मुलगा पैसे देतो आणि पडल्यावर विचारतो, ‘तुमचं लक्ष कुठे होतं?’ मी हे माझ्या बायकोला विचारलेलं आहे, पहिल्या पडण्यानंतर. ती त्या वेळी ऑफिसच्या बसमध्ये होती आणि मी घरात, हेडफोन लावून.

इथे थोडं कायद्याचं. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की लोकांना बाळंतपणाचं किंवा छोटं हॉस्पिटल आठवतं. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे आणि त्याच्या व्याख्येत आजार आणि इजेबरोबर दुर्बलता हाही शब्द आहे, पण प्रत्यक्षात म्हाताऱ्यांच्या देखभाल केंद्राकडे त्या नजरेने कुणी बघत नाही. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. आपल्या तरुणांनी हे आधी लक्षात घ्यावं, ‘आपला पर्सनल लॉ वेगळा’ म्हणून हा कायदा टळत नाही. ज्यांना मूल नाही अशांचा भार त्यांच्या मालमत्तेच्या वारसांवर येतो. म्हणजे फुफीच्या बाबतीत आमच्यावर. त्याच कायद्यात गरीब ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांचं वृद्धाश्रम असावं, असंही म्हटलेलं आहे. पण खाजगी केंद्रांची सक्तीची नोंदणी, किमान दर्जा, घरी माणसं पुरवणाऱ्या संस्थांवर नियम हे सगळं ज्यात होतं ते २०१९ चं दुरुस्ती विधेयक मंजूर झालंच नाही. सतरावी लोकसभा विसर्जित झाली तसं तेही संपलं.

अमेरिकेत १९८७ च्या कायद्यापासून नर्सिंग होमला प्रत्येक रहिवाशाचा आराखडा करणं बंधनकारक आहे. आताच्या नियमाप्रमाणे तर दाखल झाल्यापासून ४८ तासांत पहिला आराखडा हवा. तिथेही माणसं पडतात, तिथेही खोट्या खुणा होतात. पण निदान विचारायला कागद आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने फरशा, जिने, ये-जा करायच्या वाटा यांवर घसरण्याजोगं काही नसावं आणि गरज असेल तिथे कठडा असावा, हे लिहून ठेवलं. पंचवीस वर्षांच्या ऑपरेटरच्या पायाखालच्या फरशीचा विचार या देशाने पाऊणशे वर्षांपूर्वी केला.

आमच्या लाईनवर तेल सांडलं आणि कुणी घसरलं नाही, तरी ‘निअर मिस’ म्हणून नोंद होते. घसरलो पण पडलो नाही, याची नोंद. दुसऱ्या दिवशी पाळीच्या सुरुवातीला त्यावर पाच मिनिटं बोलतात. फुफी पहिल्यांदा पडली त्याआधी महिनाभरात दोनदा ‘जरा भोवळ आली, पडता पडता वाचले’ म्हणाली होती. आम्ही म्हणालो, अल्लाहने वाचवलं, आणि जेवायला बसलो. तिची रक्तदाबाची गोळी वाढवली होती, हे आम्हाला माहीत होतं. गोळी बदलल्यावर उठताना रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसावं, पाय हलवावेत, मग उठावं, हे डॉक्टरला विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं. झोपेच्या गोळीचंही तेच. रमजानमध्ये सेहरी-इफ्तारच्या हिशेबाने साखरेची औषधं आपल्या मनाने पुढेमागे करणाऱ्या बुजुर्गांचं तर विचारूच नका.

दुसऱ्या पडण्यानंतर माझे चाचा केंद्राच्या मॅनेजरला म्हणाले, ‘रात्रीचे हात बांधून ठेवा हवं तर.’ प्रेमानेच म्हणाले. मॅनेजरने नकार दिला आणि त्याबद्दल मी त्या केंद्राचा आभारी आहे. बांधलेलं माणूस सुटायची धडपड करतं, उंच कठड्यावरून चढून जायला बघतं आणि जास्त उंचीवरून पडतं. शिवाय पडून राहिल्याने पायांतलं बळ जातं, आणि बळ गेलेलं माणूस पुन्हा पडतं. रोज थोडं चालवणं, खुर्चीतून उठबस करून घेणं, हे कोणत्याही कठड्यापेक्षा उपयोगी.

त्या दिवशी आम्ही बसलो: मी, मॅनेजर, रात्रपाळीच्या त्या मावशी, आणि मधे फुफी, हाताला प्लास्टर. आधीच्या अकरा ओळींतल्या सहा खोडल्या, कारण त्या कुणी पाळू शकणार नव्हतं. चौदा पलंगांना दर दोन तासांनी विचारणं एका बाईला शक्यच नव्हतं. त्याऐवजी एक ओळ आली: पहाटे साडेचारला मावशींनी फुफीकडे जायचं, फक्त फुफीकडे. वुजू पलंगावर बसूनच, टब आणि जगने. नमाज खुर्चीवर. यावर फुफी अडून बसली. मी तयम्मुम सुचवलं तर म्हणाली, पाणी असताना तयम्मुम कशाला? शेवटी तिच्या ओळखीच्या इमामसाहेबांना फोन लावला. त्यांनी सांगितलं की आजाऱ्याला सवलत आहे आणि सवलत घेण्यात कमीपणा नाही. टबवर तडजोड झाली. पुढचे पाच आठवडे ती पडली नाही. एका माणसाच्या पाच आठवड्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे इंजिनिअर म्हणून मला कळतं.

तुमचं कुणी केंद्रात असेल, किंवा घरी एखादी मावशी येत असेल, तर एवढं विचारा: आमच्या माणसाचा आराखडा दाखवा, तो कुणी लिहिला, शेवटचा कधी बदलला, रात्री किती पलंगांमागे एक माणूस असतो. आणि विचारण्याआधी सांगा. आपली माणसं कधी उठतात, वुजू कुठे करतात, सज्द्यातून उठताना कशाचा आधार घेतात, लोटा कुठल्या हाताला लागतो, दिवा लावायला का संकोचतात. केंद्रातल्या मावशींना हे माहीत असण्याचं कारण नाही, त्या बहुतेक आपल्या घरातल्या नसतात. त्यांना सांगताना अवघडू नका. आमच्या मावशी विदर्भातल्या होत्या, पहाटे काकड आरतीला उठणाऱ्या घरातल्या. फजर म्हणजे काय हे त्यांना एका मिनिटात कळलं. उलट त्यांनीच मला विचारलं, हे आधी का नाही सांगितलं?

आमच्या मशिदीच्या ट्रस्टींपुढे मी वजूखान्याचा विषय काढला आहे. गुळगुळीत फरशी, बुटके ओटे, धरायला काही नाही. दोन हातदांड्या, रबरी मॅट आणि चार उंच स्टूल, एवढाच खर्च. एक बुजुर्ग म्हणाले, ‘इतकी वर्षं कुणी पडलं नाही.’ मागे बसलेल्या दोघांनी हात वर केला.

फुफी आता घरी आहे. मी तिच्यासाठी ॲप बनवायला घेतलं होतं, सूचना, आकडे, आलेख सगळं. बायकोने एक नजर टाकली आणि फ्रिजवर चौकटींचा कागद चिकटवला. पहाटेचं काम माझ्या नावावर. पहिला आठवडा नीट गेला. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री झोपायला जाता जाता मीच दुसऱ्या दिवशीच्या चौकटीत खूण करून टाकली. सकाळी उठणारच होतो ना.

त्यानंतर पेन फुफीकडे दिलं. साडेचारला मी गेलो, टब दिला, ती खुर्चीवर नीट बसली, की मग ती खूण करते. गेल्या मंगळवारची चौकट कोरी आहे. मी झोपून राहिलो होतो. ती पलंगाच्या कडेला पाय सोडून बसून होती, बाहेर अजान होऊन गेली तरी.